दार अडवणारी चौकट

ब्राउझरमध्ये लांबलचक अर्ज भरताना चुकून टॅब बंद केला, की ‘केलेले बदल जतन होणार नाहीत’ अशा अर्थाची चौकट समोर येते. ही करामत जावास्क्रिप्टमधल्या ‘बिफोरअनलोड’ची, म्हणजे पान बंद होण्याआधी मिळणाऱ्या इशाऱ्याची. एके काळी त्या चौकटीत संकेतस्थळाला हवा तो मजकूर घालता येई. मग काय, ‘थांबा, बक्षीस हुकेल!’ छापाच्या थापांना ऊत आला. क्रोमने २०१६ मध्ये ही मुभा काढून घेतली; पुढे, पानाला हातही न लावणाऱ्याला चौकट दाखवणंच थांबवलं. बरंच झालं. निघालेल्या गिऱ्हाइकाची वाट अडवायचा हक्क दुकानदाराला नसतो.

भरलेलं हरवण्याची खरी पंचाईत मोबाइलवर. तिथे लोक टॅब बंद करत बसत नाहीत, सरळ दुसऱ्या ॲपवर जातात. मागे राहिलेलं पान फोन परस्पर गुंडाळतो. पान बंद होतानाच्या ‘अनलोड’ इशाऱ्याच्या भरवशावर ठेवलेला कोड अशा वेळी बहुधा चालतच नाही. म्हणून पान नजरेआड होताच, ‘व्हिजिबिलिटीचेंज’च्या क्षणी, अर्जाचा मसुदा साठवावा. शेवटची छोटी नोंद सर्व्हरकडे धाडायला ‘सेंडबीकन’ आहे. तो पान बंद होणं रोखूनही धरत नाही.

तरीही कित्येक अर्ज ‘सबमिट’ दाबेपर्यंत काहीच साठवत नाहीत. हा निव्वळ आळस. फोनमध्येच मसुदा राखणारा साधा कोड जेमतेम पाच-दहा ओळींचा असतो.