भूत नव्हे, उसाची ट्रॉली

३१ ऑक्टोबर जवळ आला की आपल्यातील काहींचा रोष भोपळ्यांवर आणि मुखवट्यांवर उसळतो. सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या भुताखेतांच्या हवाली झाली, ही खंत आम्हांसही आहे. परंतु मुखवट्यापासून मुलांना जपणारे पालकच दिवेलागणीनंतर त्यांना अंधाऱ्या रस्त्याने एकटे शिकवणीला धाडतात, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

अमेरिकेत त्या रात्री मुले दारोदार खाऊ मागत फिरतात. तेथील १९७५ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार त्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या अपघाती मृत्यूचा धोका एरवीपेक्षा ४३ टक्के अधिक होता. जीव घेते ते वाहन, भूत नव्हे.

निमगाव केतकीत तरी वेगळे काय आहे? दिवस लहान होऊ लागतात आणि त्याच सुमारास गाळप हंगाम येतो. इंदापूर–बारामती रस्त्यावर उसाने लादलेल्या जोडट्रॉल्या धावू लागतात. कित्येकींच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रिफ्लेक्टर सक्तीचे केले आहेत. मग ट्रॉलीमालकाला आणि कारखान्याला आपण जाब का विचारू नये?

२ नोव्हेंबरला दफनभूमीत जाताना मुलांचा हात धरा, फिकट कपडे घाला, विजेरी बाळगा, उजव्या कडेने चाला. मृतांसाठी प्रार्थना करावयास गेलेल्या लेकरासाठीच पुढल्या वर्षी मेणबत्ती लावण्याची वेळ कोणत्याही मातेवर न येवो.