तास नाही तर मानधन नाही

दिवाळीची सुट्टी लागली की महाविद्यालयांत तास होत नाहीत, आणि तास नाही तर मानधन नाही. राज्यात 'सीएचबी'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या हजारो प्राध्यापकांच्या घरी सण असा येतो. या अंकाच्या लेखकांतही त्यांतले काहीजण आहेत.

नेट-सेट झालेलं, पीएचडीही झालेली. तरी दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत. मानधन तासांचं; पण नॅकच्या फायली, एनएसएसचं शिबिर, प्रवेशासाठी गावोगाव फिरणं हे सगळं गळ्यात पडतंच. नाही म्हटलं तर कुणी ओरडत नाही. "पुढच्या वर्षी वर्कलोड कमी होतोय, सर," एवढंच कानावर घातलं जातं. तक्रार ज्यांच्याविरुद्ध करायची, मुलाखतीला समोर तेच बसणार! असा छळ सिद्ध करणं कठीण, म्हणून तो बिनबोभाट चालतो.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं. समारंभात गुरुमहिमेचा श्लोक म्हणून भागत नाही, असंही सुनावलं. आपल्याकडे मात्र "हे तर तासावरचे" ही पळवाट तयार असते. ती लैंगिक छळाच्या बाबतीत तरी चालणार नाही. २०१३च्या कायद्यात हंगामी आणि तात्पुरत्या नेमणुकीवरच्या स्त्रियाही येतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. "तुम्ही स्टाफमध्ये नाही" असं कुणी सांगितलं, तर ते खोटं आहे.

बाकी छळाला एकच औषध आम्हाला ठाऊक आहे, आणि तेही अर्धंच: कागद. तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी "आपल्या सूचनेनुसार" असं लिहून कळवावं, पोच घ्यावी, एक प्रत घरी ठेवावी.

उरलेलं अर्धं औषध कायम प्राध्यापकांच्या हाती आहे. २०१३मध्ये थकबाकीसाठी त्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकून राज्य हलवलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी तेवढी धमक क्वचितच दिसली. तेव्हा सर, मॅडम, सुट्टीनंतरच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये हा विषय तुम्ही काढा. तासिकेवरच्यांनी काढला तर जूनमध्ये त्यांचं नाव यादीत नसेल.