विडी कमी झाली, पुडी आणि मिश्री मात्र घरातच. तोंडाचा कॅन्सर हटणार कसा?

भारतात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. दर चार रुग्णांत तीन पुरुष. देशातल्या पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणारे खूप कमी. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीत शंभर प्रौढांमागे जेमतेम ४ जण ओढणारे निघाले. पण तंबाखू खाणारे-लावणारे २४! म्हणजे आपल्याकडची तंबाखू धुरातून कमी आणि दाढेखालून जास्त जाते. चुना मळून केलेला बार तासन्‌तास एकाच जागी राहतो, जखम तिथंच होते.

पुरुष : शंभरात सुमारे ३२ जण खातात. त्यात दारूची जोड असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो, तोंडाचाही आणि घशाचाही.

बायका : शंभरात सुमारे १७. यात मिश्री मोठी. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते, मग दिवसातून चार-पाच वेळा लागते. मिश्रीला घरात कुणी व्यसन म्हणतच नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी बाई "मी तंबाखू खात नाही" म्हणून मोकळी होते.

तरुण पोरं : राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरी टपरीवर मावा घोटून मिळतो. "तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे" हे कारणही चालणार नाही. सुपारी स्वतःच कॅन्सर करते. तिनं गालाची आतली कातडी कडक होते, तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर तपासणी लांबवू नका.

मग उपाय काय? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. मोठं मशीन लागलं नाही.

तशी तपासणी आपल्याकडेही तिशीपुढच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. अडतं ते जाण्यावर. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि सुरुवातीला हा आजार दुखतच नाही. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेला गाठ, घास गिळताना त्रास किंवा बसलेला आवाज, यातलं काही असेल तर आशाताईंना सांगा. कॅन्सरवरचे बरेच उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मोफत होतात. तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

आज घरी आरशासमोर तोंड उघडून बघा. आईला, आजीलाही बघायला सांगा.