अंगठ्यांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, या वादाचा निकाल केव्हाच लागला असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. टॉम ब्रेडीच्या अंगठ्या सात, जो मॉन्टॅनाच्या चार. सात हे चारांहून अधिक. सबब वाद संपला. अंगठी म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्या संघातील प्रत्येकाला मिळणारे विजयचिन्ह. प्रत्येकाला, म्हणजे सामनाभर बाकावर बसून राहिलेल्या राखीव खेळाडूलाही.

ब्रेडीच्या थोरवीविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. आमचे भांडण त्याच्याशी नसून या हिशेबाशी आहे, आणि हिशेबाचा फोलपणा ब्रेडीच्याच कारकिर्दीत दिसतो. फेब्रुवारी २०१८च्या अंतिम सामन्यात त्याने पासवर ५०५ यार्ड मिळवले, टचडाऊनचे तीन पास दिले, एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू दिला नाही; आणि त्याचा संघ ३३-४१ असा हरला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात त्याच्या एकाही पासवर टचडाऊन झाले नाही, एक पास प्रतिस्पर्ध्याने झेलला; आणि संघ १३-३ असा जिंकला. अंगठी मिळाली ती या दुसऱ्या रात्रीची. ज्या तराजूत ब्रेडी स्वतःशीच धड तोलला जात नाही, त्या तराजूत त्याला साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या खेळाडूशी कसे तोलणार?

बरे, क्षणभर तोच तराजू खरा मानू. ऑटो ग्रॅहॅम हा क्लीव्हलंड ब्राउन्सकडून १९४६ ते १९५५ अशी दहा वर्षे खेळला. दहाही वर्षे त्याचा संघ अंतिम सामन्यात होता आणि सात वेळा विजेता ठरला. पहिली चार विजेतेपदे एनएफएलच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमधली, पुढची तीन खुद्द एनएफएलमधली. ब्रेडीला सात विजेतेपदांसाठी एकवीस हंगाम लागले. तरीही अंगठ्या मोजणारे ग्रॅहॅमला पहिला क्रमांक देत नाहीत. विचारले, तर म्हणतात, तेव्हा संघ थोडे होते, स्पर्धा कच्ची होती. हे आम्हांला मान्यच आहे. पण काळाच्या नावाने वटाव कापायचा, तर तो जुन्यांच्याच पदरी का? आजच्या खात्यातूनही तो कापला गेला पाहिजे.

तो किती, हे पाहण्यासारखे आहे. पास झेलायला धावणाऱ्या गड्याला चेंडू हवेत जाईपर्यंत वाटभर धक्के देण्याची मुभा बचावपटूंना पूर्वी होती. १९७८ साली हा संपर्क पहिल्या पाच यार्डांपुरता राखला गेला. त्याच वर्षी, क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीला हात पसरून उघड्या पंजांनी समोरच्याला थोपवण्याची परवानगी मिळाली. म्हणजे एकीकडे फेकणाऱ्याला वेळ अधिक, दुसरीकडे झेलणाऱ्याला मोकळीक अधिक. हंगामातले सामनेही बाराचे चौदा, चौदाचे सोळा आणि २०२१पासून सतरा झाले. जॉनी युनायटसचे कारकिर्दीचे पासर रेटिंग ७८.२ आहे. आज त्या आकड्यावर क्वार्टरबॅकची नोकरी टिकणे कठीण.

मुळात हा एकच हुद्दा आहे का, याविषयीही आम्हांला शंका आहे. सॅमी बॉ याने १९४३ साली पास फेकण्यात लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, चेंडू लाथेने दूर धाडण्यातही पहिला, आणि बचावात उभे राहून प्रतिस्पर्ध्यांचे अकरा पास झेलून त्यातही पहिला. युनायटस प्रत्येक चाल स्वतः ठरवीत असे; १९५८चा जादा वेळेत गेलेला अंतिम सामना बाल्टिमोरने जिंकला, तेव्हा कोणती चाल कधी खेळायची हा निर्णय मैदानावर त्याचाच होता. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ आहे आणि प्रशिक्षक कानात बोलतो. यात कमीपणा काहीच नाही; आजच्या बचावांची गुंतागुंत उलगडणे हे निराळेच बौद्धिक काम आहे. पण निराळे आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

मग तुलना करूच नये काय? करावी, पण समकालीनांशी. डॉन ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी आम्हां क्रिकेटवर वाढलेल्यांना निर्विवाद वाटते, ती केवळ आकडा मोठा म्हणून नव्हे; त्याच्यासोबत खेळणारे कितीतरी मागे होते म्हणून. डॅन मरीनोने १९८४ साली टचडाऊनचे ४८ पास दिले. त्याआधीचा विक्रम ३६चा होता. त्याच हंगामात त्याने ५,०८४ यार्ड मिळवले. पाच हजारांची ती रेघ पुन्हा ओलांडली गेली २००८ साली, ड्रू ब्रीझकडून. आणि २०११ साली, एकाच हंगामात, ती तिघांनी ओलांडली. त्यांत एक होता आपला पहिलाच पूर्ण हंगाम खेळणारा तेवीस वर्षांचा मॅथ्यू स्टॅफर्ड. मरीनोला सुपर बोल मात्र एकदाही जिंकता आला नाही, सबब वहीत शून्य. असो.

परंतु समकालीनांशी तुलना करतानाही एक खोट राहतेच, आणि याद्या करणारे तिच्याविषयी गप्प असतात. समकालीन म्हणजे कोण? ज्यांना मैदानावर येऊ दिले, ते. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. वर बॉचे १९४३ सालचे जे पराक्रम आम्ही कौतुकाने सांगितले, ते याच काळातले. १९४६पासून दारे किलकिली झाली, तरी क्वार्टरबॅकची जागा पुढे कितीतरी वर्षे राखीवच राहिली. मार्लिन ब्रिस्को याने १९६८ साली डेन्व्हरसाठी पदार्पणाच्या हंगामात टचडाऊनचे १४ पास दिले. पुढल्या वर्षी त्या जागेसाठी त्याचा विचारही झाला नाही. तो बफलोला गेला आणि पास झेलणारा झाला.

वॉरन मूनची गोष्ट अधिक बोलकी आहे. जानेवारी १९७८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून देणारा हा क्वार्टरबॅक. एनएफएलमध्ये त्याला त्या जागेवर घ्यायला कोणी उत्सुक नव्हते. ड्राफ्टआधीच तो कॅनडातील एडमंटनशी करार करून मोकळा झाला. ड्राफ्टच्या बारा फेऱ्यांत त्याचे नाव कोणी पुकारलेच नाही. एडमंटनमध्ये तो सहा हंगाम खेळला आणि त्यांतली पहिली पाच वर्षे सलग ग्रे कप त्याच्या संघाने जिंकला. १९८४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो ह्यूस्टनला आला. एनएफएलमध्ये त्याने ४९,३२५ यार्ड मिळवले; कॅनडातले एकवीस हजारांहून अधिक यार्ड निराळे. २००६ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

कॅनडाचे मैदान मोठे, नियम वेगळे, म्हणून ते यार्ड धरू नयेत, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. पण एकविसाव्या ते सव्विसाव्या वर्षापर्यंतची ती सहा वर्षे मूनने आपल्या मर्जीने वाया घालवली, अशा थाटात त्याला यादीत विसावा-पंचविसावा बसवणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे: त्या सहा वर्षांत एनएफएलमधल्या कोणकोणत्या क्वार्टरबॅकची जागा त्याने घेतली असती, आणि त्यांच्या खात्यातून आपण काही वजा केले आहे काय?