बी.एस्सी.च्या पुढची प्रयोगशाळा

गारगोटीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना ‘पुढं काय?’ म्हणून विचारलं, की उत्तरं ठरलेली असतात: बी.एड., पोलीस भरती, एमपीएससी, नाहीतर पुण्यातली एखादी कंपनी. यातलं काहीच कमी प्रतीचं नाही. पण ‘कॅन्सरच्या पेशीवर संशोधन करायचंय’ असं कुणी म्हणत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ती वाट याच पदवीतून जाते.

कॅन्सर संशोधक कमल रणदिवे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकल्या. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली. मग जॉन्स हॉपकिन्समध्ये, जिथे कॅन्सरच्या हेला पेशी पहिल्यांदा वाढवल्या गेल्या तिथे, पेशी शरीराबाहेर जगवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. त्या प्रयोगशाळेचा वारसा आज खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये चालू आहे.

हे काम लागतं कशाला? केमोथेरपीत भराभर वाढणारी प्रत्येक पेशी मार खाते, केसांच्या मुळातलीसुद्धा. टार्गेटेड थेरपी आधी नेमका बिघाड शोधते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार झालेलं प्रथिन पेशीला वाढत राहण्याचा हुकूम देत सुटतं. इमॅटिनिबची गोळी त्या प्रथिनालाच अडवते. गुणसूत्रातला दोष दिसला १९६०मध्ये, गोळीला मान्यता मिळाली २००१मध्ये. मधली चाळीस वर्षं प्रयोगशाळेत राबणाऱ्यांची.

आता तर असं संशोधन आपल्या दारात आलंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कॅन्सरवरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुक घालून, त्या कर्करोगी बी-पेशी ओळखतील अशा केल्या जातात. प्रत्येक रुग्णासाठी पेशी नव्यानं वाढवाव्या, तपासाव्या लागतात. तिथे पीएच.डी.वाल्यांइतकीच नीट हातानं काम करणाऱ्या एम.एस्सी.वाल्यांचीही गरज आहे.

घरच्यांचा प्रश्न पैशाचा असतो, आणि तो रास्त आहे. नेट-जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, कायमच्या जागा थोड्या आहेत, कधी फेलोशिपही वेळेवर येत नाही. हे लपवून मुलांना पाठवू नये.

माझं मागणं शिक्षकांकडे आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारलं ते खेड्यातल्या मुलांसाठीच; त्यांना ही वाट दाखवा. एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीपर्यंतचं गणित, भौतिक आणि रसायनही असतं. गणित सोडलेली जीवशास्त्राची मुलं तिथेच कचरतात. जुलैपासून आठवड्याला दोन तास त्यांचं गणित घ्या, आणि विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज दुसऱ्या वर्षापासूनच शेजारी बसून भरून घ्या. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेल्या मुलीला पुढं काय करायचं ते तिचं तिला कळेल.