वॉटर्लूचे सुलिव्हन

आयोवातल्या वॉटर्लूचे थॉमस सुलिव्हन रेल्वेत नोकरीला होते. जॉर्ज, फ्रँक, ज्यो, मॅट आणि अल ही त्यांची पाच मुलं. एकाच जहाजावर ठेवणार असाल तरच नौदलात येतो, अशी भावांची अट होती. ती मान्य झाली. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्वाडलकनालजवळ जपानी पाणतीराने त्यांची युद्धनौका ‘जुनो’ बुडाली. पाचही गेले. थोरला जॉर्ज काही दिवस तराफ्यावर तगून होता, हे वाचल्यावर मला पुढे वाचवेना. घरी खबर आली ती थेट जानेवारीत. तोवर आई अलेटा पत्रांची वाट पाहत राहिली. धाकट्या अलचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. हा अंक अशा घरांविषयी आहे.