औषधीचा अभिमान आणि शुद्धतेचे दायित्व

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे विषे आणि त्यांवरील उपचार यांचा विचार करणारे शास्त्र. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसारख्या धातूंची विषे आज अन्नपाण्याच्या वाटेने घरात शिरत असताना त्याचे स्मरण होणे स्वाभाविकच होय.

आधुनिक प्रयोगशाळाही आपल्या वनस्पतींकडे वळल्या आहेत. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेवग्याच्या बियांच्या भुकटीमुळे उंदरांच्या शरीरातील आर्सेनिकचे प्रमाण घटल्याचे आढळले. गुळवेल, आवळा, लसूण व हळद यांतील घटक यकृत आणि मूत्रपिंडाचे काही अंशी रक्षण करतात, असेही प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. अभिमान वाटावा असेच हे आहे. मात्र उंदरावरील यश म्हणजे माणसासाठी सिद्ध झालेले औषध नव्हे, हा विवेक सोडता कामा नये. शिशाची बाधा झालेल्या बालकाला आधी विषाच्या उगमापासून दूर न्यावे लागते आणि वैद्यकीय उपचार द्यावे लागतात. काढा त्याची जागा घेऊ शकत नाही.

खरी विटंबना पुढेच आहे. जी हळद विषापासून रक्षण करील असे आपण सांगतो, तिलाच पिवळाधमक रंग यावा म्हणून काही व्यापारी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे रंगद्रव्य, फासतात. भारतात हळदीच्या पुडीसाठी शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्यातील काही नमुन्यांत तिच्या शंभरपटीहून अधिक शिसे आढळले. बालकांच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा होणारा आघात तर भरून न येणारा असतो.

हे थांबविणे अशक्य आहे काय? बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. शासनाने तपासण्या केल्या, दंड ठोठावले, जनजागरण केले; २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. छोट्या शेजाऱ्याला जे साधले, ते भारताला का साधू नये?

अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांना त्यात कारस्थान दिसले. शासनाने मात्र २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींची धातुतपासणी सक्तीची केली. तेच उत्तर योग्य होते. परदेशी ग्राहकाला दिलेली खात्री आपल्या घरातील मातेलाही मिळाली पाहिजे. स्वदेशीचे व्रत केवळ खरेदीत नाही. शुद्धतेचा आग्रह धरण्यातही आहे. प्राचीन शास्त्राची प्रतिष्ठा जयघोषाने नव्हे, निर्भेळ चिमूटभर हळदीने टिकेल.